संदर्भाशिवाय पान हलत नाही

निवृत्त माणसाला काही ना काही व्यसन लागतंच. कुणी योगासनांच्या मागे लागतो, कुणी गच्चीत कुंड्या मांडतो, कुणी दिवसभर बातम्या बघून रक्तदाब वाढवून घेतो. आमच्या साताऱ्यातले संदर्भराव विकिपीडियाच्या नादी लागले. ‘संदर्भराव’ हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते सोसायटीनं ठेवलेलं आहे आणि त्यालाही त्यांची हरकत आहे. कारण हे नाव पहिल्यांदा कुणी आणि कधी वापरलं याची सोसायटीच्या इतिवृत्तात नोंद नाही.

त्यांची सगळी नोकरी लोकल फंड ऑडिटमध्ये गेली. पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींची दप्तरं तपासायची. खर्ची पडलेली विहीर जागेवर असेलच असं धरून चालायचं नाही, आणि जागेवर असली तरी कागद नसेल तर ती नाहीच असं समजायचं. एका सरपंचानं वैतागून त्यांना हाताला धरून विहिरीपाशी नेलं, पोहरा सोडला, पाणी काढून पाजलं. संदर्भराव पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “पाणी गोड आहे. मोजमाप पुस्तक कुठंय?”

अशा माणसाला विकिपीडिया सापडला म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशातलाच प्रकार झाला. तिथले मूळ नियम त्यांनी पहिल्या बैठकीत वाचून काढले. मजकूर पडताळता आला पाहिजे. स्वतःचं संशोधन घुसडायचं नाही. दृष्टिकोन तटस्थ ठेवायचा. वाचून झाल्यावर चष्मा काढून ते गहिवरल्या आवाजात म्हणाले, “अहो, हे तर आमचं ऑडिट मॅन्युअल!” मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आपण नोकरीत होतो म्हणून पहिली काही वर्षं हुकली, याची त्यांना आजही चुटपुट आहे.

त्या दिवसापासून घरात सकाळचा चहा टेबलाशी येतो. संदर्भराव ‘अलीकडील बदल’ उघडतात आणि रात्रीत कुणी काय काय खर्ची टाकलं ते बघतात. तिथल्या शब्दांवर त्यांचा फार जीव आहे. सराव करायच्या पानाला धूळपाटी, सगळ्यांनी जमून भांडायच्या जागेला चावडी आणि आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला सांगकाम्या. “सांगकाम्या हा एकच सदस्य असा आहे,” ते म्हणतात, “जो मला उलट उत्तर देत नाही.” पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे वाक्याच्या शेपटाला चिकटवायचे दोन शब्द : ‘संदर्भ हवा’. ऑडिटमध्ये शंकांची हाफ मार्जिन काढावी तसे ते हे दोन शब्द वाटत सुटतात.

पुढं पुढं ही सवय घरात शिरली. नातवानं निबंध लिहिला, ‘गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे.’ आजोबांनी लाल पेनानं ‘उपयुक्त’ला गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कोणाच्या मते?’ बाईंनी वहीवर शेरा मारून पालकांना बोलावून घेतलं. भाचीचं लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाचे काका म्हणाले, “मुलगा अगदी निर्व्यसनी आहे.” संदर्भराव म्हणाले, “हे तुम्ही सांगताय. तुम्ही संबंधित व्यक्ती. त्रयस्थ कुणी म्हटलंय का?” वहिनींनी पोह्यांची बशी त्यांच्या हातात कोंबली म्हणून बैठक वाचली. एका शोकसभेत तर ‘कैलासवासी सर्वांचे लाडके होते’ या वाक्यावर ते माझ्या कानाशी लागून “सर्वांचे?” असं इतक्या स्पष्टपणे कुजबुजले की पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या.

आता अशा माणसाला शत्रू नसेल तरच नवल. पण संदर्भरावांचा मुख्य शत्रू निराधार मजकूर लिहिणारा नाही. त्याला ते गिऱ्हाईक समजतात. खरा शत्रू आहे तो ‘वेलांटी’. हे सदस्यनाव मी इथं बदलून घेतलंय. ही व्यक्ती बाई आहे की बुवा, मुंबईत आहे की मेलबर्नला, कुणाला ठाऊक नाही. संदर्भराव तिला लिहिताना ‘आपण’ वापरून क्रियापद असं काही वळवतात की लिंगाचा प्रश्नच येऊ नये. पुराव्याअभावी ‘आलात’ आणि ‘आल्यात’ यांतलं काहीच लिहिता येत नाही म्हणतात. वेलांटी हा शब्द स्त्रीलिंगी, एवढ्या आधारावर मी मात्र ‘ती’ म्हणतो.

संदर्भरावांना वाक्य खरं आहे की नाही याची काळजी. वेलांटीला वाक्य नीट उभं आहे की नाही याची. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४ असे लेखनाचे १८ नियम तिला तोंडपाठ असावेत, कारण परतवलेल्या प्रत्येक बदलापुढं ती नियमाचा क्रमांक टाकते. ‘अ’वर चंद्र काढायचा की ‘ए’वर, यावर तिनं लेखमाला होईल एवढं लिहिलंय. २००८ साली युनिकोडनं ‘ॲ’ला स्वतंत्र घर दिल्यावर तिचा जोर आणखी वाढला. एका रात्रीत अनेक लेखांतले ‘ऍ’ जाऊन ‘ॲ’ आले. सकाळी संदर्भरावांनी पाहिलं तो त्यांची पहाऱ्याची सूची भरून वाहत होती आणि मजकुरात कानामात्रेचाही फरक नव्हता. होता तो चंद्राचा.

सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते ‘हा’ आणि ‘हे’ यांवरून. खेळाडू आला की ‘हा एक भारतीय क्रिकेट खेळाडू आहे’, आणि पुढारी आला की ‘हे एक भारतीय राजकारणी आहेत’. मग सचिन तेंडुलकरचा ‘हा’ जाऊन ‘हे’ कधी यावं? २०१२ साली तो राज्यसभेवर गेला तेव्हा, की २०१३ साली निवृत्त झाला तेव्हा? चावडीवर तट पडले. एकानं ‘चाळिशीनंतर सरसकट हे’ असा तोडगा सुचवला. दुसऱ्यानं विचारलं, मग विठ्ठलाला आपण ‘हा’ का म्हणतो, तो तर अठ्ठावीस युगं उभा आहे? वेलांटीनं शांतपणे लिहिलं, ‘देवाला मराठीत एकवचन पुरतं. आमदाराला पुरत नाही. हा भाषेचा नव्हे, आमदारांचा प्रश्न आहे.’ संदर्भरावांना हे मनापासून पटलं. तरी त्यांनी खाली लिहिलं, ‘संदर्भ हवा.’

हे सगळं मराठी माणसाच्या भांडकुदळपणाचं लक्षण आहे असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज. इंग्रजी विकिपीडियावर २०१२-१३मध्ये ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’ या सिनेमाच्या नावात ‘इनटू’चा आय मोठा काढायचा की लहान, यावर चाळीस हजार शब्दांची चर्चा झाली. एवढ्यात दिवाळी अंकाची कादंबरी होते. एका अमेरिकी इंजिनिअरला ‘कम्प्राइज्ड ऑफ’ हा प्रयोग खुपतो. २०१५पर्यंत त्यानं तो सत्तेचाळीस हजार ठिकाणी एकहाती दुरुस्त केला होता. तिथं एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा एकमेकांचं लिखाण परतवता येत नाही असा नियम आहे. इतका नेमका आकडा ठरवावा लागला, यावरूनच काय ते ओळखावं. वर कुणाला एक छदाम मिळत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि त्या गोल झाल्या की लंबगोल यावरून हमरीतुमरीवर यायचं, हा या जमातीचा धर्मच आहे.

संदर्भरावांचा आवडता ग्रंथ कुठला म्हणाल तर १८८५ सालचं सातारा गॅझेटियर. ते उशाशी असतं. काही अडलं की एसटी पकडून ते वाईला विश्वकोशाच्या कार्यालयाकडं निघतात. केतकरांचं त्यांना फार कौतुक. “एका माणसानं तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा केला!” असं म्हणून क्षणभर थांबतात आणि पुटपुटतात, “त्यांचं बरं होतं. त्यांच्या वेळी वेलांटी नव्हती.”

आवडती कथा मात्र अमेरिकेची आहे. फिलिप रॉथ हे मोठे कादंबरीकार. ‘द ह्यूमन स्टेन’ ही त्यांची कादंबरी कुणावरून सुचली याबद्दल विकिपीडियानं भलतंच नाव दिलं होतं. रॉथनी दुरुस्ती करवून घ्यायचा प्रयत्न केला. उत्तर आलं की लेखक आपल्या पुस्तकाबद्दल अधिकारी खरा, पण आम्हाला दुय्यम स्रोत लागतो. बिचाऱ्या रॉथनी २०१२ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लांबलचक जाहीर पत्र लिहिलं, आणि मग ते पत्र संदर्भ म्हणून लेखात आलं. ऐकणारे या ठिकाणी हसतात. संदर्भराव हसत नाहीत. “बरोबरच आहे,” ते म्हणतात. “उद्या ग्रामसेवक म्हणेल, मीच खर्च केला, मीच सांगतोय, व्हाउचर कशाला?”

नियतीला हे ऐकू गेलं असावं. कारण पुढचा फेरा संदर्भरावांच्याच गावावर आला.

त्यांचं गाव कोरेगाव तालुक्यात. गावातल्या एका उत्साही पोरानं विकिपीडियावर गावाचा लेख काढला आणि त्यात पहिलंच वाक्य टाकलं : ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या आमच्या निसर्गरम्य गावात श्री भैरवनाथांची सुप्रसिद्ध यात्रा ५०० वर्षांपासून मोठ्या उत्साहात व भक्तीभावाने साजरी होते.’

रात्री साडेदहाला वेलांटी आली. तिनं ‘आमच्या’ काढला (‘कोणाच्या?’). ‘निसर्गरम्य’ काढला (‘जाहिरात’). ‘सुप्रसिद्ध’ काढला (‘प्रसिद्ध असेल तर सांगावं लागत नाही’). मग तिनं ‘भक्तीभावाने’चं ‘भक्तिभावाने’ केलं, समासातलं पहिलं पद ऱ्हस्व असा शेरा दिला, आणि पुढच्याच बदलात तो शब्द उडवला. फाशीच्या कैद्याची पहाटे दाढी करावी तसा हा प्रकार. सकाळी संदर्भराव आले. त्यांनी ‘सह्याद्रीच्या कुशीत’ला कात्री लावली, ‘श्री’ला निरोप दिला आणि पाचशे वर्षांना आपले दोन शब्द डकवले. दुपारपर्यंत शिल्लक राहिलं ते असं : ‘गावात भैरवनाथाची यात्रा ५०० वर्षांपासून भरते.[संदर्भ हवा]’

पोरगा थेट साताऱ्याला येऊन धडकला. “अण्णा, तुम्ही लहानपणी या यात्रेत सासनकाठी नाचवलीय! तुम्हालाच संदर्भ पाहिजे?”

“मी नाचवलीय हे मला ठाऊक आहे,” संदर्भराव म्हणाले. “वाचकाला कसं ठाऊक? मी म्हणजे काही प्रकाशित स्रोत नव्हे.”

“अख्ख्या गावाला माहीत आहे!”

“गाव छापून आलंय का?”

यात थट्टेचा भाग सोडला तर दुखणं खरं आहे. इंग्रजीत दर गल्लीवर कुणीतरी पुस्तक लिहून ठेवलेलं असतं. आपल्याकडं यात्रा, सोंगं, मुलांचे खेळ, गावचं कालवण या गोष्टी लोकांच्या तोंडी असतात आणि माणसाबरोबर जातात. विश्वकोश गावोगावच्या भैरवनाथापर्यंत कसा पोचणार? वर्तमानपत्रांचे दुवे वर्ष-दोन वर्षांत मरतात. छापील पुराव्याचा नियम कडक लावला तर निम्मा महाराष्ट्र ‘संदर्भ हवा’खाली जाईल, आणि सैल सोडला तर प्रत्येक देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं ठरेल. संदर्भरावांना हे कळत नाही असं नाही. पण ऑडिटरनं कळलेलं कागदावर आणायचं नसतं.

पोरगा हुशार. त्यानं तालुक्याच्या वार्ताहराला गाठलं, वडापाव खिलवला. चौथ्या दिवशी जिल्हा पुरवणीच्या पान सातवर चौकट आली : ‘पाचशे वर्षांची परंपरा असलेल्या यात्रेस प्रारंभ.’ पोरानं तिचा संदर्भ जोडला आणि संदर्भरावांचे दोन शब्द हक्कानं काढून टाकले. बदलाच्या सारांशात लिहिलं, ‘घ्या अण्णा, छापून आलं.’

असले खेळ आधीही झालेत. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्यानं गंमत म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहिलं की कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ही म्हणतात. असं कुणीच म्हणत नव्हतं. पुढं वर्तमानपत्रांनी ते उचललं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनानं छापलं, आणि मग तेच लेखाचे आधार म्हणून दाखवता येऊ लागले. थाप छापली गेली की तिच्या तोंडाला पावडर लागते.

संदर्भरावांची अवस्था बघवेना. पाचशे वर्षं हा आकडा खोटा असणार, हे त्यांना ठाम वाटत होतं, कारण देवळाच्या चौकटीवर ‘शके १७०६’ कोरलेलं त्यांनी हातानं चाचपून पाहिलं होतं. म्हणजे इसवी सन १७८४. पण त्यांचा हात हा विश्वसनीय स्रोत नव्हता, आणि पान सात होता. विहिरीचं पाणी प्यायलेला माणूस आणि मोजमाप पुस्तक असलेला सरपंच, अशी उलटी पाळी आली होती. वहिनी म्हणाल्या, “अहो, दगडाचा फोटो टाका की.” “दगड प्राथमिक स्रोत आहे,” ते कण्हले. “तो मी वाचला तर माझं संशोधन होतं.”

अखेर त्यांनी इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना गाडी करून गावात नेलं. प्राध्यापकांनी चुना लावून अक्षरं वाचली, टिपण लिहिलं, आणि दीड वर्षानं ते एका त्रैमासिकात छापून आलं. दीड वर्षं संदर्भराव त्या पानाकडं रोज बघत होते आणि एका अक्षरालाही हात लावत नव्हते. अंक हाती पडला त्या दिवशी त्यांनी लिहिलं : ‘यात्रेस पाचशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते, परंतु देऊळ इ.स. १७८४ मध्ये बांधलेले आहे.’

दहा मिनिटांत वेलांटी हजर. तिनं दोन गोष्टी काढल्या. एक, ‘सांगितले जाते’ : कोण सांगतं? दुसरी, ‘परंतु’.

‘परंतु’वरून आठवडाभर रण माजलं. संदर्भरावांचं म्हणणं, दोन स्रोत एकमेकांना छेद देतात, मग परंतु नको? वेलांटीचं म्हणणं, चौकटीवर देवळाचं साल आहे, यात्रेचं नाही. देव आधी झाडाखाली असेल, यात्रा तिथंच भरत असेल. दोन्ही स्रोतांत परंतु नाही. तो तुमच्या पदरचा आहे. ‘आपला परंतु हे स्वतःचे संशोधन आहे,’ तिनं लिहिलं, आणि त्यापुढं, कदाचित पहिल्यांदाच, एक नियम संदर्भरावांच्या पोथीतला दिला.

संदर्भराव त्या दिवशी जेवले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदात नसलेली रक्कम शोधली आणि आपल्याच वाक्यात बिनव्हाउचरचं अव्यय निघालं! शेवटी वेलांटीनं लिहिलेलं राहिलं : ‘देवळाच्या चौकटीवर शके १७०६ (इ.स. १७८४) असा लेख आहे. यात्रेस पाचशे वर्षांची परंपरा असल्याचे वृत्त एका स्थानिक दैनिकाने दिले आहे.’ दोन वाक्यं शेजारी शेजारी, मध्ये पूर्णविराम. वाचणारा शाळकरी मुलगा मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि काय ते समजतो. माहीत आहे तेवढंच सांगणारी ही दोन वाक्यं कुणी एका शहाण्यानं लिहिली नाहीत. दोन हट्टी माणसांनी एकमेकांना इंचभरही सरकू दिलं नाही म्हणून ती तशी झाली. सोसायटीच्या सभेत मी असं म्हणून पाहिलं, तर संदर्भराव म्हणाले, “हे तुमचं मत.”

यंदा चैत्रात यात्रेची वर्गणी मागायला तोच पोरगा आला. संदर्भरावांनी पाचशे एक रुपये दिले आणि अर्थातच पावती मागितली. पावती छापील होती, गुळगुळीत कागदाची, वर भैरवनाथाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘५०० वर्षांची पंरपरा’. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. आपल्याच पैशानं आपल्याच विरुद्धचा पुरावा फायलीत लागला होता.

संध्याकाळी त्यांनी चर्चा पानावर सविस्तर टिपण टाकलं. असं छापील साहित्य यात्रा समितीचं स्वतःचं असल्यामुळं ते त्रयस्थ स्रोत ठरत नाही, सबब उद्या कुणी ही पावती पुढं केल्यास ग्राह्य धरू नये. मजकूर हुबेहूब उतरवून घेतला होता, चुकीसकट, कारण अवतरणात बदल करायचा नसतो.

वेलांटीचं उत्तर रात्री साडेदहाला आलं. टिपणातल्या मुद्द्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. एवढंच होतं : ‘अनुस्वार पवर नाही, रवर. छपाईपूर्वी समितीने दाखवून घेतले असते तर बरे झाले असते.’

संदर्भरावांनी ते दोनदा वाचलं आणि पोराला फोन लावला. “पावतीपुस्तकं किती छापलीत रे? पुढच्या वर्षी छापायच्या आधी माझ्याकडं आण. मी एका ठिकाणी दाखवून देतो.”